गनवाली मावशी

मावशी डोक्यावर हेल्मेट घालून गाड्या धुवायची. नऊवारीचा काष्टा, पायात गुडघ्यापर्यंत काळे गमबूट, अंगात नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि काच नाकाखालपर्यंत ओढलेलं लाल हेल्मेट. हातात प्रेशरच्या पाण्याची गन. विजापूर रोडवरून पहिल्यांदा जाणारी माणसं गाडीचा वेग कमी करून तिच्याकडे बघत. कोणी हसलं तर ती काच वर करून विचारायची, "काय, धुवायची हाय का गाडी? नसंल तर फुडं व्हा. मागं लाइन लागलीया."

मी करमाळ्याहून नोकरीसाठी सोलापुरात आलो तेव्हा चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. कारखाना शहराच्या एका टोकाला आणि मी खोली घेतली दुसऱ्या टोकाला, मावशीच्या वॉशिंग सेंटरच्या मागे. कंपनीची बस कोपऱ्यावर थांबायची आणि खोलीला दोन्ही बाजूंनी खिडक्या होत्या, एवढ्यावर मी ती पसंत केली. मावशीनं मला पसंत करायला मात्र वेळ घेतला.

"गाडी हाय का?" तिनं विचारलं.

"बाइक आहे."

"कोन धुतं?"

"मीच. बादलीनं."

तिनं बाइकच्या चेनकडे वाकून बघितलं, मग माझ्याकडे. "चेनला तेल घालताव वाटतं. ऱ्हावा मग. पर एक सांगते, मशीनला हात लावायचा न्हाय. माझ्या माघारी तर न्हायच न्हाय."

माझं नाव तिनं कधी घेतलं नाही. ती माणसांना त्यांच्या कामावरून नाहीतर गाडीवरून हाक मारायची. शेजारचा किराणा दुकानदार "टेम्पो" होता, समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापक बाई "पांढरी स्कूटी" होत्या आणि मी "इस्टोर". "ओ इस्टोर, चा घ्या की," अशी हाक सकाळी खिडकीतून आली की मी दाढी अर्धी सोडून बाहेर यायचो, कारण तिचा चहा दुसऱ्यांदा गरम होत नसे.

तिच्या सेंटरवर गाडी घेऊन येणाऱ्याला आधी थांबावं लागे. लांबून आलेली गाडी असेल तर ती बॉनेटवर हात ठेवून बघायची आणि म्हणायची, "इंजिन तापलंय. गार हुद्या. तापल्या तव्यावर पानी मारलं तर तवाच फुटंल." घाईत असलेला एखादा चिडून निघून जाई. तिला त्याचं काही वाटत नसे. थांबलेल्या माणसाला ती चहा पाजायची आणि चाकाच्या आतली माती बोटानं खरवडून तो कुठून आला ते सांगायची. "ही आमच्या मंद्रूपकडची काळी. सुटता सुटत न्हाय, लई जीव लावती." कधी अंदाज चुकायचा. मग ती माणसालाच खोटं ठरवायची. "तुमी तिकडून आला असाल, गाडी न्हाय आली."

गन हातात घेतल्यावर मात्र तिचं बोलणं बंद. फरशीवर तिनं पांढऱ्या रंगाची एक जाड रेघ ओढलेली होती. मशीन चालू असताना त्या रेघेच्या आत कुणी पाऊल टाकलं तर ती ट्रिगर सोडायची, मोटर बंद करायची, पाइपात उरलेलं प्रेशर जमिनीकडे गन धरून सोडून द्यायची आणि मग त्या माणसाकडे बघत नुसती उभी राहायची. तो मागे सरकेपर्यंत. एकदा एका पुढाऱ्याची मोठी गाडी धुवायला आली होती आणि त्याचा माणूस मोबाइलवर बोलत बोलत चार वेळा रेघेच्या आत आला. चारही वेळा तिनं मशीन बंद केलं. चौथ्यांदा त्यानं विचारलं, "अहो, एवढं काय? पाणीच आहे ना?"

"पानीच हाय," ती म्हणाली. "पुरात बी पानीच असतं."

मशीन बंद झाल्यावरही पाइपात दम असतो, हे तिचं ठरलेलं वाक्य. तो दम सोडल्याशिवाय गन खाली ठेवायची नाही. पंपाचं तेल दर सोमवारी बघायचं. पंपाच्या अंगाला एक गोल काच होती, तीत तेल दिसायचं. ते सोनेरी असेल तर मशीन निरोगी आणि दुधासारखं पांढरट झालं तर आत पाणी शिरलंय, सील गेलं. "तेल दुधावर आलं," असं ती जाहीर करायची, तेव्हा सेंटर त्या दिवशी बंद. टाकीतून पंपाला येणाऱ्या पाण्याच्या तोंडाला जुन्या सुती लुगड्याचं दुहेरी फडकं बांधलेलं असे. बोअरचं पाणी इतकं जड, की फडकं आठवड्यात कडक व्हायचं. त्याच पाण्यानं गनच्या टोकाच्या पितळी नोझलमध्येही क्षारांची पांढरी खर धरायची आणि धार वाकडी पडायची. त्यावर तिचा उपाय म्हणजे चिंचेचं पाणी. रात्रभर नोझल चिंचेच्या कोळात घालून ठेवायचं आणि सकाळी सुईनं भोक साफ करायचं.

या उपायाचा मला एकदा प्रसाद मिळाला. तिनं मला जेवायला बोलावलं होतं आणि स्वतः गिऱ्हाइकात अडकली होती. "घ्या वाढून, समदं हाय तितं," असं तिनं बाहेरून ओरडून सांगितलं. मी भात घेतला, शेंगदाण्याची चटणी घेतली आणि कट्ट्यावरच्या वाटीतलं चिंचेचं सार भातावर ओतलं. दुसऱ्या घासाला दाताखाली पितळ आलं. मी नोझल हातात धरून बाहेर गेलो तर ती आधी घाबरली आणि मग नोझल उजेडात धरून म्हणाली, "भोक लई बेस साफ झालं की."

ती मेंढरं राखणाऱ्या घरातली. एकदा भर दुपारी रस्त्यानं एक मेंढपाळ चाळीसेक मेंढ्या घेऊन चालला होता. लोकर कातरायच्या आधी मेंढ्या धुवाव्या लागतात आणि वाटेतला ओढा कोरडा पडलेला. तो सेंटरवर आला आणि संकोचानं विचारू लागला. मावशीनं उभ्या असलेल्या दोन गाड्या बाजूला घ्यायला लावल्या. मशीनची गन तिनं खुंटीला अडकवून ठेवली आणि टाकीला साधा रबरी पाइप जोडला. त्या बारीक धारेनं, एकेका मेंढीला गुडघ्यात धरून, बोटांनी लोकर मोकळी करत तिनं सगळा कळप धुतला. संध्याकाळ झाली. गाडीवाले हॉर्न वाजवून वाजवून गेले. मी म्हणालो, "मावशी, मशीननं पटकन झालं असतं."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी तिच्या मुलाला आगीत टाकायला सांगितलं होतं. "कातडं असतं त्येस्नी," एवढंच ती म्हणाली.

तिचे यजमान मंद्रूपला शेतावर राहत. त्यांना मी काका म्हणायचो. दर आठवड्याला बाजार झाला की दुसऱ्या दिवशी ते एसटीनं येत, भाजी आणि शेळीचं दूध घेऊन. कमी बोलणारा, हसऱ्या डोळ्यांचा माणूस. उजवा हात नेहमी खांद्यावरून घेतलेल्या पंचाखाली झाकलेला. चहाचा कप डाव्या हातानं घ्यायचे. मला ती सवय वाटायची. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं ते उघड दिसत होतं, मग ते इथं का राहत नाहीत, हे मात्र मला कळत नसे. ते आले की मावशी मशीन बंद ठेवायची. ते पंपाकडे पाठ करून बसायचे.

खोलीत राहायला येऊन मला दोन वर्षं होत आली होती. बार्शीला एक मुलगी बघायला जायचं ठरलं. रविवारची सकाळ. बाइक चिखलानं बरबटलेली आणि मावशी शेजारच्या किराणा दुकानदाराकडे सत्यनारायणाच्या पूजेला गेलेली. दोन वर्षं खिडकीतून रोज बघत होतो, त्यात अवघड ते काय, असं मला वाटलं. मी मोटर चालू केली. गन उचलली. धार निघाली ती वाकडी, फाटलेली. नोझलमध्ये खर अडकली असणार. मी डाव्या हाताच्या तर्जनीनं नोझलचं तोंड पुसायला गेलो आणि त्याच वेळी उजव्या हाताची बोटं ट्रिगरवर घट्ट होती.

बाभळीचा काटा मोडावा तसं काहीतरी झालं. मी गन टाकली, मोटर बंद केली. बोटाच्या टोकाला सुईच्या अग्राएवढं भोक. रक्ताचा एक थेंब आला, तोही पुसल्यावर परत आला नाही. दुखत नव्हतं. मी बोट शर्टाला पुसून पुन्हा बाइककडे वळलो, इतक्यात मावशी प्रसादाचा द्रोण घेऊन आली. तिनं जमिनीवर पडलेली गन बघितली.

"काय झालं?"

"काही नाही मावशी. जरासं टोचलं."

तिनं द्रोण तिथंच फरशीवर ठेवला आणि माझा हात ओढून घेतला. बोट उजेडाकडे फिरवलं. तिच्या तोंडाचा रंग उतरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

"किती टाइम झाला?"

"पाच मिनिटं झाली असतील. अहो, खरंच काही…"

"चप्पल घाला."

तिनं रस्त्यात उभं राहून रिक्षा अडवली. रिक्षावाला ओळखीचा निघाला. "क्या हुआ मौसी?" त्यानं विचारलं.

"कुछ नहीं हुआ बोलरे ये. इसलिएच ले जारी," मावशी म्हणाली आणि मला आत ढकललं.

जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बोट धुतलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या आणि दोन दिवसांनी दाखवायला सांगितलं. मी उठलो. मावशी उठली नाही.

"डॉक्टरसायेब, आतमधी पानी गेलंय. नुसतं पानी न्हाय. शाम्पू, डिझेल, गिरीस, रस्त्यावरची घान, समदं गेलंय. बाहीर भोक बारीक दिसतंय, आत लांबवर गेलंय त्ये."

"मावशी, डॉक्टर तुम्ही की मी?"

"तुमीच की. म्हनून तर तुमाला सांगायलेय. हाताच्या मोठ्या डॉक्टरची चिट्ठी द्या."

"गरज नाही हो."

मावशीनं पेशंटच्या स्टुलावर बूड घट्ट टेकवलं. "चिट्ठी मिळंपतुर ह्या इस्टुलावर दुसरा पेशंट बसत न्हाय."

बाहेर लोक डोकावून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी डॉक्टरांनी वैतागून चिठ्ठी लिहिली. रिक्षात बसल्यावर माझाही तोल गेला. "मला बार्शीला जायचंय! माणसं वाट बघत असतील. मुलगी बघायचीय मला, हात नाही!"

"पोरगी बी तुमाला बघनार हाय की," ती पुढं रस्त्याकडे बघत म्हणाली. "ती बोटं मोजंल."

मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत बोट फुगून कडक झालं होतं आणि ठणका कोपरापर्यंत चढला होता. तिथल्या सर्जननं मला फारसं तपासलंच नाही. त्यांनी तीन प्रश्न विचारले: पाणी कुठल्या मशीनचं, त्यात काय मिसळलेलं, किती वेळ झाला. तिन्हींची उत्तरं मावशीनं दिली. मग त्यांनी नर्सला ऑपरेशनची तयारी करायला सांगितली आणि मला म्हणाले, "असे पेशंट माझ्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतात. तेव्हा मला कापण्याशिवाय काही करता येत नाही. तुम्हाला दीड तासात कोणी आणलं?"

मी मावशीकडे बोट दाखवलं. तेच, सुजलेलं.

त्यांनी बोट उभं चिरून आतून धुतलं. दोन दिवसांनी पुन्हा एकदा. शुद्धीवर आल्यावर मी मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आतून धुवायला लई मोठा डॉक्टर लागतो. आमचं काम नुसतं बाहीरचं."

तिसऱ्या दिवशी दुपारी काका आले. मावशी औषधं आणायला खाली गेली होती. ते पलंगाशेजारी बसले, माझ्या बँडेजकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी पंचा बाजूला केला. उजव्या हाताला अंगठा होता आणि करंगळी होती. मधली तीन बोटं नव्हती.

"सेंटर माजं हुतं आधी," ते म्हणाले. "मीच धुवायचो गाड्या. अशीच धार लागली. एवढंसं भोक. मी तिला दावलं. ती म्हनली, एवढ्याशा भोकाला काय रडायलाव, हळद लावा. मी हळद लावली न् सांच्यापर्यंत गाड्या धुतल्या. चौथ्या दिवशी बोटं काळी पडली."

मी माझ्या बँडेजकडे बघितलं.

"ती म्हनती, तिच्यामुळं झालं. मी म्हनतो, मला तरी कुटं ठावं हुतं? माजाच हात हुता की." त्यांनी पंचा पुन्हा नीट केला. "मशीन इकून टाकूया म्हनलं मी. ती म्हनली, इकलं तर घेनारा बी असाच मरनार. त्यापरीस मी शिकते. मला मातर त्याचा आवाज सोसत न्हाय. म्हनून मी शेळ्यांत."

मावशी औषधाची पिशवी घेऊन आत आली तेव्हा आम्ही दोघं पावसापाण्याच्या गप्पा मारत होतो. तिनं एकदा काकांकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. तिला कळलं असावं. तिनं फक्त माझ्या उशीखालची गादी नीट केली, जी आधीच नीट होती.

बोट राहिलं. थंडीत थोडं आखडतं आणि त्याला गरम-गार नीट कळत नाही, पण आहे. बार्शीचं स्थळ त्या दिवशी हुकलं ते हुकलंच. पुढे माझं लग्न अक्कलकोटला झालं, मी एमआयडीसीच्या जवळ घर घेतलं आणि मावशीची खोली सोडली. सणावाराला मात्र जाणं चालू राहिलं.

गेल्या वर्षी आमच्या कारखान्यात सुरक्षा सप्ताह होता. दरवर्षी बाहेरून कोणी पाहुणे येतात, पडद्यावर चित्रं दाखवतात, कामगार मागच्या रांगांत डुलक्या घेतात. मी सुरक्षा अधिकाऱ्यांना मावशीचं नाव सुचवलं. त्यांनी मला दोनदा विचारलं, "वॉशिंग सेंटरवाल्या बाई?" मी माझं बोट त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि सगळी हकिकत सांगितली. मग ते हो म्हणाले.

मावशीला तयार करणं त्याहून अवघड गेलं. "मला भाषान येत न्हाय," ती म्हणत राहिली. शेवटी आली, इरकल नेसून, कापडी पिशवी काखेत धरून. व्यासपीठावर मोठे साहेब, हार, शाल, नारळ. निवेदकानं तिची ओळख करून दिली, तीत "महिला सक्षमीकरण" हा शब्द तीन वेळा आला. टाळ्या झाल्या. मावशी माइकपुढे उभी राहिली, समोरच्या तीनशे माणसांकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमचं मशीन कुटंय?"

सुरक्षा अधिकारी पुढे आले. "मावशी, आधी आपण दोन शब्द…"

"मशीन बगितल्याबिगर काय बोलू?"

ती पायऱ्या उतरून चालायला लागली. मी तिला रस्ता दाखवत पुढे, मागून साहेब, मागून तीनशे माणसं. कारखान्याच्या मागच्या बाजूला रसायनाचे रिकामे ड्रम धुवायची जागा होती. तिथं मिशा पिकलेला एक कंत्राटी कामगार एकटाच ड्रम धूत होता. त्याला कार्यक्रमाला सोडलेलं नव्हतं. एवढी गर्दी बघून त्यानं घाईनं मोटर बंद केली. मावशीनं त्याच्या हातातली गन घेतली आणि उलटी करून बघितली. ट्रिगर तारेनं हँडलला करकचून बांधलेला होता. म्हणजे मोटर चालू असेपर्यंत धार थांबणार नाही. गन हातातून सुटली तरी.

सुरक्षा अधिकाऱ्यांचा चेहरा पडला. "कोणी बांधली ही तार?" ते त्या कामगारावर ओरडले.

"थांबा वो," मावशी म्हणाली. तिनं पक्कड मागून घेतली, गन जमिनीकडे धरून तार कापली आणि उरलेला दम सोडला. मग पिशवीतून एक काटेरी वांगं काढलं. तिथल्या रबरी हातमोज्यात ते घालून दगडावर ठेवलं, सगळ्यांना मागे सारलं, मोटर चालू करायला लावली आणि अगदी जवळून क्षणभर धार मारली. हातमोजा तिनं पहिल्या रांगेत फिरवला. भोक कुठंय ते लोकांना शोधावं लागलं. मग तिनं वांगं काढून सुरीनं उभं चिरलं. आत सगळा लगदा झाला होता आणि त्यातून फेस येत होता.

मावशी त्या मिशीवाल्याकडे वळली. "तार का बांधलीत, भाऊ?"

तो आधी साहेबांकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "आठ तास दाबून धरावं लागतंय मावशी. दुपारनंतर मूठ मिटत न्हाई. भाकरी तोडता येत न्हाई."

तिनं त्याचा हात घेऊन तळव्यावरचे घट्टे अंगठ्यानं चाचपले. मोठे साहेब शाल आणि नारळ घेऊन गर्दीतून वाट काढत पुढे आले होते. छायाचित्र काढणारा तयारच होता.

"सायेब," मावशी म्हणाली, "ह्येंच्या हाताला इसावा न्हाय, म्हनून तार हाय. तुमी ह्येस्नी वरडला तर त्ये उद्या दोरी बांधतील. दोन मानसं लावा, आलटून पालटून. न्हायतर मला परत बोलवू नगा."

साहेब सुरक्षा अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाले, "उद्यापासून दोन माणसं." आणि शाल उघडत पुढे झाले.

पण मावशीनं तोवर पदर खोचला होता. कोपऱ्यात एक प्लॅस्टिकची खुर्ची होती, ती ओढून तिनं त्या कामगाराला खांद्याला धरून खाली बसवलं. तो "नको, नको" म्हणत होता. मग तिनं मोटर चालू करायची खूण केली, गन दोन्ही हातांत धरली आणि अर्धवट राहिलेल्या ड्रमच्या पुढ्यात उभी राहिली.

"थांबा जरा, सायेब," ती मागे न बघता म्हणाली. "एवढा ह्येंचा ड्रम हुद्या."